सान जोर्जोच्या दारात आई

इटलीतल्या सिसिली बेटावरच्या राग्युसाच्या वरच्या शहरातून पायऱ्या उतरताना सांता मारिया देल्ले स्काले या चर्चपाशी आई थांबली. समोरच्या टेकडीवर घराला घर चिकटलेलं इब्ला, म्हणजे राग्युसाचं जुनं गाव, मधे सान जोर्जो चर्चचा घुमट. तिथेच मी तिला सांगितलं, ११ जानेवारी १६९३च्या भूकंपात हे गाव भुईसपाट झालं होतं.

आम्ही किल्लारीजवळचे. ३० सप्टेंबर १९९३ला मी नऊ वर्षांची होते. गणपती बोळवून झोपलो आणि पहाटे माळवद अंगावर आलं. आजी त्यात गेली. पुढे गावाचं पुनर्वसन झालं, जुनं गाव मागे राहिलं.

सिसिलीतल्या या लोकांपैकी काहींनी वरच्या पठारावर नवं शहर आखलं. बाकीच्यांनी ढिगारा उपसून तिथेच घरं उभी केली.

"त्याच जागेवर? आन् पुन्हा दगडाचंच देऊळ बांधलं व्हय?" आईने विचारलं.

बांधलं, आणि काय बांधलं! सान जोर्जोचा आराखडा वास्तुविशारद रोझारिओ गालियार्दीचा, १७३८चा. दर्शनी भाग पुरा व्हायला १७७५ उजाडलं. ५४ पायऱ्यांवर तीन मजली दर्शनी भिंत. तिचा मधला भाग छाती काढल्यासारखा पुढे आलेला, दोन्ही अंगांना तीन-तीन खांबांचे जुडगे. चुनखडीचा दगड दुपारच्या उन्हात ताज्या गुळाच्या रंगाचा दिसतो. चर्च चौकाला तिरकं बसवलंय, त्यामुळे खालून घुमटही दिसतो. तो नंतरचा, १८२०चा, ४३ मीटर उंच.

पायऱ्यांना लोखंडी फाटक आहे, आत बाजूच्या दाराने जायचं. घुमटाखाली निळ्या काचांतून उजेड येत होता. मी आईला हाक मारली, पण ती दाराजवळच्या बाकावरून हलली नाही. जड छपराखाली ती अजूनही दाराजवळच बसते. मी परत येऊन तिच्याशेजारी बसले. बराच वेळ ती वर बघत होती.

गावाच्या टोकाला, बागेजवळ, भूकंपात पडलेल्या जुन्या सान जोर्जोचं नुसतं दार उरलंय. कमानीवर घोड्यावरचा संत जॉर्ज अजगरासारख्या राक्षसाला मारतोय. दगड झिजून आकार पुसट झालेत. आई कठड्याला धरून उभी राहिली.

"आपल्या वाड्याची चौकट असंल का गं अजून?"

मला सांगता आलं नाही. परतीच्या बसमध्ये ती म्हणाली, दिवाळीत गेलो की आधी जुन्या गावात जाऊ.