पैसे कोणाला द्यायचे, ते तूच ठरवतेस ना?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाही, मी ठरवत नाही. मी वैद्यकीय संशोधनाला पैसे देणाऱ्या एका ट्रस्टमध्ये ग्रँट्सचं काम बघते असं कुठेही म्हटलं, लग्नात, सोसायटीच्या मिटिंगला, डेंटिस्टकडे नंबर लावून बसलेलं असताना, की हा प्रश्न येतोच आणि त्याच्या पाठोपाठ "आमच्या जावयानेपण अर्ज टाकलाय गं, जरा लक्ष ठेव". लक्ष सगळ्यांच्याच अर्जावर असतं काकू, त्याचाच तर पगार मिळतो. पण नुसत्या "नाही"वर कोणाचं समाधान होत नाही आणि खरं सांगायचं तर माझंही होत नाही, कारण उत्तर "नाही, पण..." असं आहे आणि तो "पण" बराच लांब आहे, म्हणून एकदाच काय ते लिहून टाकते.

ट्रस्ट छोटा आहे, ऑफिस बेलापूरला, मी ठाण्याची, त्यामुळे अर्धे अर्ज ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये मोबाईलवर वाचलेले असतात (विंडो सीट मिळाली तर). थॅलेसेमिया आणि सिकलसेल, म्हणजे रक्ताचे आनुवंशिक आजार, त्यांच्यावरच्या संशोधनाला आम्ही पैसे देतो. पैसे येतात देणगीदारांकडून, त्यातल्या बऱ्याच जणांच्या घरात पेशंट असतो किंवा होता, आणि थोडे कंपन्यांच्या सीएसआरमधून. २०१३ च्या कंपनी कायद्यात ठराविक आकाराच्या वरच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजोपयोगी कामावर घालवावे लागतात ना, ते. आता थॅलेसेमिया मेजर, म्हणजे त्याचा गंभीर प्रकार असलेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, तेव्हा "संशोधनाला कशाला, थेट पेशंटला द्या की" असंही लोक म्हणतात आणि मला ते चूक वाटत नाही. ते काम करणाऱ्या संस्था आहेत, आमच्या ट्रस्टच्या घटनेत संशोधन लिहिलंय म्हणून आम्ही संशोधनाला देतो.

तर पद्धत अशी. आम्ही कॉल काढतो, म्हणजे अर्ज मागवतो, आलेले अर्ज मी आणि माझा एक सहकारी तपासतो, पात्र असतील ते बाहेरच्या तज्ज्ञांकडे रिव्ह्यूला जातात, मग कमिटी बसते, कमिटी क्रम लावते, ट्रस्टी मंजुरी देतात. कमिटीत मी मिनिट्स लिहायला असते, मत द्यायला नाही, आणि ट्रस्टींनासुद्धा क्रम खालीवर करता येत नाही. कमिटीने पाठवलेलं नाकारायचं असेल तर कारण लेखी द्यावं लागतं आणि लेखी म्हटलं की माणसं फार विचार करतात.

इथपर्यंत ते "नाही" झालं. आता "पण".

पहिली गोष्ट म्हणजे कॉलचा मजकूर मी लिहिते. सिकलसेलचंच घ्या, २०२३ च्या शेवटी आधी ब्रिटनने आणि मग अमेरिकेने जीन एडिटिंगवरची, म्हणजे पेशींमधल्या जनुकातच बदल करणारी पहिली थेरपी मंजूर केली, अमेरिकेत तिची किंमत एका पेशंटमागे २२ लाख डॉलर. दुसरीकडे हायड्रॉक्सियुरिया नावाची जुनी, स्वस्त गोळी आहे, जिने दुखण्याचे झटके कमी होतात, पण ती गावात नियमित मिळते का, पोरं ती घेतात का, दर काही महिन्यांनी रक्त तपासायला कोण नेतं, असे कितीतरी साधे प्रश्न पडून आहेत. मी कॉलमध्ये "नावीन्यपूर्ण उपचारपद्धती" असं लिहिलं की अर्ज येतात मोठ्या शहरांतल्या मोठ्या लॅबमधून, आणि "उपलब्ध उपचार पेशंटपर्यंत पोहोचवण्याचा अभ्यास" असं लिहिलं की नंदुरबारहून, गडचिरोलीहून, पालघरच्या ग्रामीण रुग्णालयात काम करणाऱ्या डॉक्टरांचे येतात. कमिटीसमोर जे येणारच नाही त्याला कमिटी मार्क काय देणार? मजकूर ट्रस्टी पास करतात हे खरं, पण कोरा कागद माझ्यासमोर असतो.

दुसरी गोष्ट रिव्ह्यूअर, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी पॉवर ही आहे, जी बाहेरच्या कोणालाच दिसत नाही. आपल्याकडे या विषयातलं जग एवढंसं. परळला केईएम हॉस्पिटलच्या आवारात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) इम्युनोहिमॅटॉलॉजीची, म्हणजे रक्ताच्या आजारांवर संशोधन करणारी संस्था आहे, या क्षेत्रातल्या खूप जणांचा कधी ना कधी तिच्याशी संबंध आलेला असतो, कोणी कोणाचा गाईड, कोणी कोणाची विद्यार्थिनी, कोणी एकत्र पेपर लिहिलेत, कोणाचं कोणाशी दहा वर्षांपूर्वी कॉन्फरन्समध्ये वाजलंय आणि ते अजून मिटलेलं नाही. यातून अर्जदाराशी नातं नसलेला, भांडण नसलेला, विषय कळणारा आणि फुकट वेळ द्यायला तयार असलेला माणूस शोधायचा. हो, फुकट, रिव्ह्यूचे पैसे आम्ही देत नाही, बहुतेक ठिकाणी देत नाहीत. मग मी पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय पेपर्सच्या ऑनलाईन सूचीवर बसून एकत्र लिहिलेले पेपर शोधते, पीएचडीचे गाईड शोधते, एकाच इन्स्टिट्यूटमधले नवरा-बायको शोधते (आडनाव वेगळं असलं की हे सापडत नाही, ते फोनवरच्या गप्पांत कळतं). कोण कडक मार्क देतं आणि कोण सगळ्यांनाच "एक्सलंट" म्हणतं हे मला अनुभवाने माहीत आहे. एका अर्जाला तिन्ही कडक रिव्ह्यूअर गेले तर तो मेला. म्हणून प्रत्येक अर्जाला एक कडक, एक मऊ, एक नवीन अशी वाटणी मी माझ्यापुरती करते, नियमात कुठेही लिहिलेली नाही.

आणि हा माझा भ्रम नाही बरं का. १९८१ साली सायन्स मासिकात अमेरिकेतल्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता, त्यांनी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचे १५० अर्ज दुसऱ्या रिव्ह्यूअरकडून परत तपासून घेतले, आणि निष्कर्ष असा की अर्जाचं नशीब साधारण निम्मं अर्जाच्या गुणवत्तेवर आणि निम्मं तो कोणाच्या हातात पडला यावर ठरतं. आमच्या कमिटीतल्या एका ज्येष्ठ बाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "निम्मं? मला वाटलं जास्त असेल."

तिसरी गोष्ट अगदीच क्षुल्लक वाटेल, अजेंड्याचा क्रम. सकाळी पहिल्या अर्जावर पाऊण तास चर्चा होते, जेवणानंतरच्या अर्जावर दहा मिनिटं, आणि पाचनंतर सगळ्यांना ठाणे-बेलापूर रोडचा ट्रॅफिक दिसायला लागतो. पूर्वी अर्ज आडनावाच्या क्रमाने लागायचे, म्हणजे आपटे कायम सकाळी आणि वाघमारे कायम संध्याकाळी. आता एक्सेलमधून रँडम क्रम काढते आणि शेवटचे काही अर्ज दुसऱ्या दिवशी ढकलते, त्यावरून चहा-नाश्त्याचा खर्च वाढला म्हणून अकाउंट्सने मला ऐकवलंय.

हे सगळं मंजुरीच्या आधीचं. लोकांना वाटतं मंजुरी मिळाली की संपलं, कामाला खरी तिथून सुरुवात होते. सँक्शन लेटर गेलं म्हणजे पैसे गेले नाहीत. आधी एमओयू, म्हणजे त्यांच्या इन्स्टिट्यूटशी करार, तो त्यांच्या लीगलकडे महिनोन् महिने, मग एथिक्स कमिटीचं पत्र, ते आल्याशिवाय आम्ही पैसे सोडत नाही, क्लिनिकल ट्रायल असेल तर पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआय या सरकारी ट्रायल नोंदवहीत नोंदणी, मग पहिला हप्ता. तो इन्स्टिट्यूटच्या खात्यात पडतो आणि तिथल्या अकाउंट्सला कळत नाही की हे कुठून आले, पीआय, म्हणजे प्रोजेक्टचा मुख्य संशोधक, मला फोन करून विचारतो पैसे कधी येणार, आणि मी बँकेचा यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा नंबर वाचून दाखवते. मग जेआरएफ, म्हणजे प्रोजेक्टवरचा ज्युनियर रिसर्च फेलो नेमायचा, जाहिरात, इंटरव्ह्यू, आणि निवडलेला मुलगा जॉईन व्हायच्या आधी दुसरीकडे निघून जातो. २०२३ मध्ये केंद्राने जेआरएफची फेलोशिप ३१,००० वरून ३७,००० केली आणि तीही त्याच वर्षीच्या जानेवारीपासून लागू, उत्तमच झालं, पोरांना तेवढे मिळायलाच हवेत, पण आमची चालू प्रोजेक्टं सगळी जुन्या दराने बसवलेली, मॅनपॉवरच्या हेडला, म्हणजे बजेटमधल्या माणसांच्या पगाराच्या सदराला खड्डा. मग प्रत्येकाचं रि-अप्रोप्रिएशन, म्हणजे एका हेडमधले पैसे दुसऱ्यात फिरवायची परवानगी, आणि जिथे फिरवायला काहीच नव्हतं तिथे ट्रस्टींकडे जादाची मागणी.

किंवा जुलै २०२४ चं बजेट आठवा, लॅब केमिकल्सवरची कस्टम्स ड्युटी १० टक्क्यांवरून एकदम १५०. दोन दिवस माझा फोन बंद होत नव्हता. संशोधकांनी आरडाओरडा केल्यावर थोड्याच दिवसांत सरकारने लॅबसाठी परत १० वर आणली, पण तेवढ्यात एका बाईंनी मला अख्ख्या वर्षाचं नवीन बजेट करून पाठवलंसुद्धा होतं.

मला सगळ्यात आवडलेलं पत्र एका आदिवासी भागातल्या डॉक्टरांचं. त्यांना पाड्यांवर जायला जीप भाड्याने हवी होती आणि आमच्या बजेट फॉर्ममध्ये तसं हेडच नव्हतं, "ट्रॅव्हल" होतं पण त्याच्या खाली कंसात "कॉन्फरन्ससाठी". फॉर्म माझ्या आधीपासूनचा, लॅब डोळ्यासमोर ठेवून कोणीतरी बनवलेला. त्यांनी काय करावं, अत्यंत नम्रपणे लिहिलं की आमची कॉन्फरन्स रोज पाड्यावर भरते, तिथे जाण्याचा खर्च मंजूर व्हावा. झाला. आता फॉर्ममध्ये "फील्ड वाहतूक" असं वेगळं हेड आहे.

मार्च एन्डबद्दल न लिहिलेलंच बरं. ट्रस्टला उत्पन्नाचे ८५ टक्के त्या वर्षी कामी लावावे लागतात, नाहीतर साठवायची रीतसर कारणं द्यावी लागतात, त्यामुळे खर्च जास्त झाला की ऑडिटर विचारतात आणि कमी झाला की अजून जास्त विचारतात. आणि ज्यांचा भाचा न्यू जर्सीहून पैसे पाठवू म्हणतो त्यांच्यासाठी: भाच्याचा पासपोर्ट अजून भारतीय असेल आणि पैसे त्याच्या स्वतःच्या बचतीतले असतील तर हरकत नाही, पण तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर तो परदेशी निधी, त्याला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो निधी आम्ही पुढे दुसऱ्या संस्थेला देऊच शकत नाही. आमचं कामच पुढे देण्याचं आहे, त्यामुळे आभार, पण नको.

तर मी ठरवत नाही, पण माझ्या हातात जेवढं आहे तेवढंसुद्धा मला जास्तच वाटतं. न्यूझीलंडच्या हेल्थ रिसर्च कौन्सिलने २०१३ पासून एका प्रकारच्या ग्रँटसाठी असं केलंय की अर्ज निकषात बसतो का एवढंच तज्ज्ञ बघतात आणि बसणाऱ्यांमधून चक्क सोडत काढतात. ब्रिटिश अकॅडमीने २०२२ पासून छोट्या ग्रँट्ससाठी तेच सुरू केलं. आमच्याकडेही वरचे दोन-तीन आणि खालचे बरेच याबद्दल कमिटीचं एकमत असतं, सगळी मारामारी मधल्यांची, ६८ मार्क की ७०. तिथे चिठ्ठ्या टाका असं मी गेल्या मिटिंगला मांडलं. एक ट्रस्टी भडकले, "लोकांनी विश्वासाने दिलेल्या पैशाची लॉटरी? आपण काय सिडको आहोत?" मी म्हटलं सर, सिडकोपण आधी कागदपत्रं बघते, पात्र असतील त्यांचीच नावं सोडतीत जातात. सगळे हसले, विषय तिथेच राहिला असं मला वाटलं, पण नंतर त्यांनीच न्यूझीलंडचे कागद मागून घेतले. पुढच्या मिटिंगला हा विषय घेतलाय, फक्त छोट्या ग्रँट्सपुरता. आणि अजेंडा मीच लावते, त्यामुळे पहिल्या नंबरला, सकाळी, सगळे ताजे असताना.