पालिओची स्प्रिंग: दोन गोण्या सिमेंट आणि एक फूटपट्टी

९८,४१२ किमी

खोकं आलं. चार स्प्रिंगा, भडक लाल. आईने एक उचलून बघितली आणि विचारलं, "बाळ, एवढा रंग लावलाय, पण ही दिसणार कुणाला?" खोक्यावर कामाच्या दोनच गोष्टी छापल्यात: गाडी ३५ मिमी खाली, स्प्रिंग ३० टक्के कडक.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: गाडी २००३ ची फियाट पालिओ १.६. मागच्या गणपतीला कोल्हापूरहून देवरुखला जाताना आंबा घाटात तिने जीव नकोसा केला. वळणात शिरली की एका कुशीवर झोपायची, आणि दुसऱ्या वळणासाठी स्टिअरिंग फिरवलं की आधी सरळ व्हायलाच वेळ घ्यायची. साखरप्याला चहा पिताना मी ठरवून टाकलं, कडक स्प्रिंग घालायची. गाडी खाली बसली की दिसेलही झक्कास. (हे दुसरं कारण घरी सांगितलेलं नाही.)

९८,४३० किमी

उद्यमनगरातल्या मिस्त्रींकडे गेलो. खोकं न उघडताच म्हणाले, "कशाला पैसं घातलासा हो! हाय त्या स्प्रिंगचा एक राउंड कापला की झ्याक बसंल."

राउंड कापला की गाडी बसते, हे खरं. वेटोळी कमी झाल्याने स्प्रिंग कडकही होते. पण जॅकवर गाडी उचलली, चाक लोंबलं, की कापलेली स्प्रिंग वाटीत सैल पडते आणि परत बसताना वाकडी बसू शकते. गॅसने तापवून बसवणं तर त्याहून वाईट, पोलादाचं पाणीच उतरतं. मिस्त्रींना मी हे सांगितलं नाही. चहा घेतला आणि पुढची डावी स्प्रिंग तेवढी मापापुरती उतरवून घेतली.

आता मोजमाप. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातावर चालतो, म्हणजे व्हर्नियरवरचं अर्धा मिलिमीटरसुद्धा महाग पडतं. जुनी तार १२ मिमी, नवी १२.७. चालती (म्हणजे खरोखर दबणारी) वेटोळी जुन्यात ५, नव्यात साडेचार. हिशेब केला तर ३९ टक्के कडक! रात्री हे डोक्यातून जाईना. सकाळी ब्लेडने नव्या स्प्रिंगचा टीचभर रंग खरवडला. आत तार १२.५. पावडर कोटिंगच दोन्ही बाजूंना मिळून ०.२ मिमी होतं. नवा हिशेब: तारेमुळे १८ टक्के, वेटोळ्यांमुळे ११, एकावर एक धरून ३१. खोकं खरं बोलत होतं.

९८,४५१ किमी

खरं काम आज झालं, आणि तेही गाडी जागची न हलवता.

समोर बांधकाम चालू आहे. मुकादमाने सिमेंटच्या दोन गोण्या तासाभरासाठी दिल्या, ५० किलोची एक. मागची सीट दुमडून त्या बरोबर चाकांच्या वर ठेवल्या. चाकाच्या मधोमधपासून मडगार्डच्या कडेपर्यंत फूटपट्टी. पहिल्यांदा १८ मिमी बसली. मग गाडी चार-पाच वेळा दाबून हलवली आणि परत मोजलं तर २५. जुनी रबरं नि शॉकअप अडखळतात, त्यामुळे न हलवता घेतलेलं माप खोटं असतं. गोण्या काढल्यावरही तसंच हलवून बघा, नाहीतर वर येतानाही ती मध्येच अडकते.

म्हणजे १०० किलोला २५ मिमी. मग मागची एक स्प्रिंग उतरवली आणि चाक जॅकने हळूहळू उचललं, रबरी स्टॉपरला टेकेपर्यंत. रिकामी गाडी उभी असते तिथून स्टॉपरपर्यंत चाकाला मोकळी वाट ७० मिमी.

आता गणपतीचा हिशेब. मागे आई, मावशी आणि पोरगा, डिकीत बॅगा, येताना तांदूळ आणि नारळाचं पोतं. मागच्या चाकांवर २०० किलो कुठे गेले नाहीत. सध्याच्या स्प्रिंगवर गाडी ५० मिमी बसते, खाली २० उरतात. नव्या स्प्रिंगवर सुरुवातच ३५ मिमी खालून, म्हणजे वाट उरली ३५. कडक असल्यामुळे ५० ऐवजी ३८ बसेल. पस्तिसात अडतीस!

म्हणजे घराच्या फाटकातून निघायच्या आधीच गाडी स्टॉपरवर टेकलेली. तिथून पुढे देवरुखपर्यंत स्प्रिंगला कामच नाही, सगळे खड्डे त्या रबराच्या तुकड्यावर. पायरीवर बसून हे आकडे मी तीनदा तपासले. मुकादम गोण्या न्यायला आला तेव्हाही फूटपट्टी हातातच होती.

एक राहिलं. गाडी खाली आणली की वळणात कमी झुकते, असं आपण सगळेच धरून चालतो. पालिओसारख्या मॅकफर्सन स्ट्रटच्या (पुढची स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात) गाडीत पुढून तसं होईलच असं नाही. चाक धरणारे खालचे आर्म बाहेरच्या टोकाला वर चढले की ज्या बिंदूभोवती गाडी झुकते तो बिंदू बॉडीपेक्षाही जास्त खाली जातो आणि झुकवणारा जोर वाढतो. स्प्रिंगच्या कडकपणातला काही भाग हे भरून काढण्यातच खर्च होतो. शिवाय ३० टक्के कडक स्प्रिंगला आवरायला शॉकअपचा आवरही साधारण १४ टक्के जास्त लागतो. माझे शॉकअप तर आहे त्या स्प्रिंगलाही दाद देत नव्हते. बोनेट दाबून सोडलं की गाडी अडीच वेळा नाचायची.

९८,४६० किमी

पुढची बाजू जॅकवर उचलून टॉर्च घेऊन खाली शिरलो. अँटी-रोल बारच्या (वळणात गाडीचं झुकणं आवरणारा दांडा) पकडीतली रबरं बोटाने निघाली. निघाली म्हणजे भुगाच झाला, काळ्या खडूसारखा. बार जागेवर चार-पाच मिलिमीटर नुसता डुगडुगत होता. घाटात गाडी आधी झोपायची आणि मग सावरायची, ती ह्याच्याचमुळे. एवढा वेळ आरोपी स्प्रिंग, आणि गुन्हा मात्र छोट्याशा रबराचा.

मागवलं: बारची रबरं, लोअर आर्मचे बुश (सांध्यातली रबरं), पुढची टॉप माउंटिंग (स्ट्रटच्या वरच्या टोकाची बैठक), चारही शॉकअप मूळ मापाचे. बुश प्रेसवर बसवून घेतले. त्यांचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळले. लोंबत्या चाकावर आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. मागचे जुने बुश अजून तसेच आहेत.

९८,७४३ किमी

अलाइनमेंट करून आंबा घाट, जाऊन-येऊन, एकटाच. गाडी अजून झुकते. ती झुकणारच, शॉकअप बदलल्याने झुकणं कमी होत नाही, फक्त सावकाश होतं. पण आता स्टिअरिंगबरोबर झुकते, उशिराने नाही. एस वळणात मधला तो हेलकावा गेला. खड्ड्यात बसणारा 'ठक्' गेला, डॅशबोर्डची करकर तेवढी राहिली.

हा सांगाडा फियाटने भारतासारख्या खराब रस्त्यांच्या देशांसाठीच उभा केला होता. १९९६ साली ब्राझीलमध्ये तो पहिल्यांदा रस्त्यावर आला. नियमाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. आमच्या गल्लीतला एका रात्रीत, उरलेल्या डांबराचा झालेला आहे. ३५ मिमी खाली आणून मी त्यावरून तिरकी गाडी काढत बसलो असतो. त्यात २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल नको म्हणणारा. २०२८ ला नोंदणीचं नूतनीकरण आहे, तेव्हा तपासणीला उभं राहायचंय मलाच.

लाल स्प्रिंगा माळ्यावर आहेत. मित्र म्हणतो, पुढच्या दोनच घाल. नाक खाली आणि शेपूट वर, हेडलाइट रस्त्यात खड्डे शोधणार. नको.

मागच्या बुशचा उजवा नट गंजलाय. आज डिझेल मारून ठेवलंय. रविवारी लांब पाइप लावून बघतो, नाहीतर ग्राइंडर.