मंडईच्या सहा रात्री आणि ५८० जीबी

दिवाळी आटोपली की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार आणि पाहुणे, रात्री दंडार नाहीतर खडी गंमत ही आमची लोकनाट्यं, तीही पहाटेपर्यंत. २०२४ च्या नोव्हेंबरात साकोली, लाखनी आणि लाखांदूर तालुक्यांतल्या सहा मंडयांत मी रात्र-रात्र जागून शूटिंग केलं. मित्राकडून मागून आणलेला कॅमेरा, माझा मोबाईल आणि स्टेजच्या खांबाला बांधलेला छोटा ऑडिओ रेकॉर्डर एवढंच सामान. डफ, तुणतुणं, चोनका अशी वाद्यं घेऊन उभे राहणारे आमच्याकडचे बरेच शाहीर आता साठी-सत्तरीला आलेत. त्यांचं गाणं नीट जपलं जावं, असं फार मनापासून वाटत होतं.

हार्ड डिस्कवर ५८० जीबी जमा झालं. लगेच एडिटिंगला बसलो आणि तिसऱ्या दिवशी उठलो. कोणती फाइल कोणत्या गावची, हेच कळत नव्हतं.

पहिला घोळ नावांचा. त्या कॅमेऱ्यात कार्ड फॉरमॅट केलं की फाइलींचे नंबर पुन्हा एकपासून सुरू व्हायचे. म्हणजे सहा गावांच्या सहा 'एक नंबर' फाइली. मी सगळं एकाच फोल्डरमध्ये टाकत होतो. दुसऱ्या गावचं कार्ड कॉपी करताना कॉम्प्युटरने विचारलं, 'रिप्लेस' की 'स्किप'? झोपेच्या भरात रिप्लेस दाबलं आणि पहिल्या गावच्या १४ फाइली गेल्या. पहिलं कार्ड अजून फॉरमॅट केलं नव्हतं म्हणून त्या परत मिळाल्या. त्या दिवसापासून दोन वेगवेगळ्या डिस्कवर कॉपी झाल्याशिवाय मी कार्डाला हात लावत नाही. कट-पेस्ट तर कधीच करत नाही, नेहमी कॉपी. आमच्याकडे लाइन कधी जाईल याचा भरवसा नसतो आणि अर्धवट सरकलेली फाइल ना इकडची राहते ना तिकडची. टेराकॉपीसारखं सॉफ्टवेअर कॉपी झाल्यावर मूळ फाइल आणि नवी फाइल पडताळून दाखवतं. त्यात वेळ जातो, पण जाऊ द्यावा.

फोल्डरच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग गाव, शेवटी कॅमेरा की मोबाईल. असं लिहिलं की फोल्डर आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. पण मंडईच्या बाबतीत तारीखच फसवते. दंडार रात्री अकराला उभी राहते आणि मध्यरात्री तारीख बदलते, त्यामुळे एकाच खेळाचे दोन तुकडे दोन दिवसांत जातात. मी ठरवलं, ज्या संध्याकाळी मंडई भरली तीच तारीख धरायची, खेळ पहाटे चारला संपला तरी.

एवढं करूनही कॅमेऱ्याच्या फाइली जुळेनात. एका क्लिपमध्ये भोंग्यावरून सूचना ऐकू येते, 'सायकल बाजूला घ्या.' तीच सूचना मोबाईलच्या क्लिपमध्येही होती. मोबाईलची वेळ रात्री १२:४०, कॅमेऱ्याची संध्याकाळी ७:१०. बरोबर साडेपाच तासांचा फरक! कॅमेऱ्याचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर राहिलं होतं. म्हणूनच मध्यरात्रीनंतरचं गाणं आदल्या संध्याकाळच्या बाजाराच्या शूटिंगमध्ये जाऊन बसलं होतं. एक्झिफटूल हे मोफत साधन सगळ्या फाइलींची वेळ एकदम पुढे सरकवतं. आधी एका कॉपीवर करून पाहिलं, मग सगळीकडे लावलं. आता शूटिंगच्या सुरुवातीलाच मोबाईलचं घड्याळ कॅमेऱ्यासमोर धरून पाच सेकंद घेतो.

सगळ्यात जास्त दिवस गेले ते आवाज जुळवण्यात. रेकॉर्डरचा आवाज मोबाईलच्या चित्राखाली लावला, सुरुवात तंतोतंत जुळवली. चाळीस मिनिटांनी बघतो तर ढोलकीवाल्याची थाप आधी पडलेली दिसते आणि आवाज मागून येतो. ज्याला ठेका कळतो त्याला ते बघवत नाही. मोबाईल दर सेकंदाला ठरावीक फ्रेम, म्हणजे चित्रं, घेतोच असं नाही, उजेड कमी झाला की कमी घेतो, आणि मंडईत दोन दिव्यांवर सारं चालतं. उपाय साधा आहे. ते व्हिडिओ आधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' (दर सेकंदाला सारख्याच फ्रेम) निवडून काढायचे, मगच आवाज लावायचा. हे सुरुवातीला माहीत असतं तर माझा आठवडा वाचला असता.

कार्डं ३२ जीबीची होती, त्यांची फाइल ४ जीबीला तुटते. आमच्या सेटिंगवर तासाला साधारण २२ जीबी भरायचं, म्हणजे दर अकराएक मिनिटांनी तुकडा, मग गाणं कुठेही असो. हे तुकडे क्रमाने एकाच फोल्डरमध्ये ठेवले तर सलग जुळतात. काही क्लिपमध्ये दिव्यांमुळे काळे पट्टे सरकत होते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर हवं. मी एका रात्री १/६० वर ठेवलं होतं. ते पट्टे काही नीट निघाले नाहीत. त्या क्लिपचा फक्त आवाज ठेवला.

पुसून टाकल्या फक्त ११ क्लिप, खिशात चुकून सुरू झालेल्या. बाकी नकोशा वाटलेल्या सगळ्या वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत. पहिल्या पाहणीत पुसू नये असं माझं ठाम मत आहे, कारण थकलेल्या डोळ्यांना सगळंच टाकाऊ दिसतं.

शेवटी एक वही केली. गाव, फाइल, कितव्या मिनिटाला काय, कोण गातंय. 'कोण' या रकान्यात मी अडलो. मग लॅपटॉप घेऊन एका जुन्या शाहीरकाकांकडे गेलो. अंगणात खाटेवर बसून त्यांनी चार तास बघितलं.

"थांबव बाबू. मागं घे जरासा," ते म्हणायचे आणि पडद्याला बोट लावून नाव सांगायचे. मागच्या रांगेत टाळ धरणारा कोणाचा पोरगा, कोणती चाल कोणाकडून आली, सारं मी लिहून घेतलं. एका ठिकाणी ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हा संक्रांतीले गेला जी. याचा आवाज मोठा कर."

मी केला. ते गाणं संपेपर्यंत आम्ही दोघंही बोललो नाही.

३८ तासांतून निवडलेलं सहा तासांचं शूटिंग आता रांगेत लागलंय. लाखांदूरकडच्या एका चोनकावाल्याचं नाव वहीत अजून कोरं आहे. धानाची रोवणी लागायच्या आत तिकडे एक चक्कर मारायची आहे.