पितळेच्या ढाली

शनिवार, रात्र

आज संध्याकाळी चर्चमध्ये वेदीवरचा पितळी क्रूस आणि दोन फुलदाण्या चिंच-मीठ लावून घासल्या. क्रूसाच्या पायाशी नक्षीच्या खाचांत हिरवट गंज चढला होता, तो काडीने कोरून काढावा लागला. उजळला की किती लखलखतो! पण पुढच्या शनिवारी पुन्हा तेच काम आहे. सोन्याला असं रोज जपावं लागत नाही.

घासता घासता मनात रहबाम होता. उद्याचा शास्त्रपाठ बायबलमधला २ इतिहास, अध्याय १२ आहे ना.

शलमोन राजाचा हा मुलगा, त्याच्यामागून गादीवर आलेला. ओझं हलकं करा म्हणणाऱ्या लोकांना गर्वाचं उत्तर देऊन इस्राएलाच्या बारांपैकी दहा वंश तर त्याने आधीच घालवले होते; हाती उरलं ते यहूदाचं राज्य. तरी पहिली तीन वर्षं यहूदा नीट चालला. राजाने बेथलेहेम, तकोवा, लाखीश अशी पंधरा नगरं तटबंदीने मजबूत केली, त्यांत धान्य, तेल, द्राक्षारस भरून ठेवला. आणि बस्तान बसल्यावर त्याने परमेश्वराचं नियमशास्त्र सोडलं. त्याच ओळीत पुढे आहे, त्याच्याबरोबर सर्व इस्राएलानेही, म्हणजे त्याच्या प्रजेनेही, सोडलं. मी तिथेच थांबते दर वेळी. राजा वळला की देश वळतो, किती सहज!

पाचव्या वर्षी मिसरचा, म्हणजे इजिप्तचा, राजा शिशक 1200 रथ आणि 60,000 स्वार घेऊन आला. ती तटबंदीची नगरं एकामागून एक पडली. कोठारांतलं ते तेल कुणाच्या तरी जैतुनांचं होतं, घाण्यावर कुणीतरी राबलं होतं. देवाला सोडलं राजाने, आणि घोड्यांच्या टापा आधी वाजल्या त्या लाखीशसारख्या गावांच्या वेशीत. याचं मला फार वाईट वाटतं.

शमाया संदेष्ट्याने तोंडावर सांगितलं, परमेश्वर म्हणतो: तुम्ही मला सोडलंत, म्हणून मीही तुम्हांला शिशकाच्या हाती सोडलंय. राजा आणि सरदार नमले, म्हणाले, परमेश्वर न्यायी आहे. म्हणून यरुशलेम वाचलं. पण मंदिराचा आणि राजवाड्याचा खजिना गेला. शलमोनाच्या सोन्याच्या ढालीही गेल्या. त्यांतल्या मोठ्या 200 होत्या, एकेकीला 600 शेकेल सोनं, म्हणजे सहा-सात किलो.

रहबामाने त्यांच्या जागी पितळेच्या करवून घेतल्या. तो मंदिरात जायला निघाला की पहारेकरी त्या हातात घेऊन चालायचे आणि मग पुन्हा चौकीत ठेवून द्यायचे. मिरवणूक तशीच, पायऱ्या त्याच. लांबून बघणाऱ्याला चमक दिसत असेल. हातात धरणाऱ्याला मात्र कळत असणार. एखाद्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याने सोन्याचीही उचललेली असेल.

उद्या राज्यकर्त्यांसाठीची प्रार्थना माझ्याकडे आहे. दर वेळी मी त्यांच्यासाठी आरोग्य आणि सुबुद्धी मागते. आत्ता कागद पुन्हा लिहिला. सगळ्यांत वर एकच ओळ घातली आहे: प्रभू, त्यांना तुझं भय दे.