संशयाचं भांडवल

ऑक्टोबर 1916. पहिलं महायुद्ध रखडलेलं. प्रशियाच्या युद्धमंत्रालयाने आदेश काढला की सैन्यातल्या ज्यू सैनिकांची मोजणी करा: किती जण आघाडीवर आहेत, किती जण मागच्या कचेऱ्यांत. कारण दिलं होतं लोकांच्या तक्रारींचं. ज्यू तरुण लढाई टाळतात, अशी कुजबुज होती. मोजणी झाली आणि तिचे आकडे सरकारने जाहीर केले नाहीत. त्या युद्धात सुमारे 1 लाख ज्यूंनी जर्मन सैन्यात सेवा केली आणि त्यांतले 12 हजारांच्या आसपास मारले गेले. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते एवढंच, की सरकारला मोजावंसं वाटलं, म्हणजे काहीतरी असणार.

या प्रकरणात सरकारने एकही खोटं विधान केलेलं नाही. फक्त चौकशी सुरू केली आणि उत्तर दडवलं. अल्पसंख्याकांविषयीच्या पूर्वग्रहाचं राजकारण बहुतेक वेळा असंच चालतं. द्वेषाची भाषणं आपल्याला दिसतात, कारण ती मोठ्याने होतात. पण समाजात कडवा द्वेष करणारे मूठभर असतात आणि मूठभरांच्या मतांवर निवडणूक जिंकता येत नाही. संशय मात्र बऱ्याच सभ्य, सुशिक्षित, शेजारधर्म पाळणाऱ्या माणसांच्या मनात थोडा थोडा असतो. त्याला पुरावा लागत नाही, तो जपायला खर्च येत नाही, आणि 'मी द्वेष करत नाही, फक्त प्रश्न विचारतोय' असं म्हणायची सोयही राहते. राजकारणाला हवा असतो तो हा संशय.

कच्चा माल राजकारणी तयार करत नाहीत, तो तयारच असतो. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये हेन्री ताशफेल या मानसशास्त्रज्ञाने 14-15 वर्षांच्या शाळकरी मुलांवर केलेले प्रयोग 1970 मध्ये प्रसिद्ध झाले. पडद्यावरचे ठिपके तुम्ही जास्त मोजलेत की कमी, किंवा दोन चित्रकारांपैकी तुम्हाला कोण आवडला, असल्या क्षुल्लक निमित्ताने मुलांचे गट पाडले. प्रत्यक्षात वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी होती. मग त्यांना इतरांमध्ये पैसे वाटायला सांगितले. मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं, यात नवल नाही. नवल पुढे आहे. आपल्या गटाला एकूण जास्त पैसे मिळतील असा पर्याय समोर असतानाही, कमी मिळाले तरी चालतील पण समोरच्या गटापेक्षा जास्त हवेत, असा कल त्यांनी दाखवला.

हा कल मतदारात असतो हे ज्याला कळलं, त्याला कमी देऊनही जिंकता येतं. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातलं जॅक्सन शहर घ्या. सार्वजनिक सोयींमध्ये वंशभेद करता येणार नाही असा न्यायालयाचा निकाल आल्यावर नगरपालिकेने पोहण्याचे तलाव सर्वांना खुले करण्याऐवजी बंदच करून टाकले. पोहणं गोऱ्यांचंही बंद झालं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि 1971 मध्ये 5 विरुद्ध 4 मतांनी न्यायालयाने हे बंद करणं घटनाबाह्य नाही असं ठरवलं. सार्वजनिक शाळा, दवाखाने, घरबांधणी, कुठेही हाच डाव खेळता येतो: आधी सोय 'त्यांच्यासाठी' आहे असं लोकांच्या मनात भरवायचं, मग तिचा निधी कापायचा. ज्यांचं नुकसान होतं तेच टाळ्या वाजवतात.

ज्या गटाकडे बोट दाखवायचं तो मोठा असावा लागतो, हा एक गैरसमज. 1968 च्या पोलंडमध्ये लोकसंख्या सुमारे सव्वातीन कोटी आणि ज्यू उरले होते जेमतेम 25-30 हजार. बाकीचे नाझींनी मारले होते किंवा आधीच देश सोडून गेले होते. 1967 च्या अरब-इस्रायल युद्धानंतर पक्षप्रमुख गोमुल्का यांनी भाषणात 'पाचव्या फळी'चा, म्हणजे देशात राहून शत्रूला साथ देणाऱ्यांचा, उल्लेख केला. मार्च 1968 मध्ये विद्यार्थ्यांची निदर्शनं झाली, तेव्हा त्यांचं खापर 'झिओनिस्टां'वर, म्हणजे ज्यू राष्ट्राच्या समर्थकांवर, फोडण्यात आलं. ज्यू हा शब्द शक्यतो टाळला जायचा, पण कोणाबद्दल बोलणं चाललंय हे सगळ्यांना ठाऊक होतं. खरा झगडा कम्युनिस्ट पक्षाच्या आतला होता. गृहमंत्री मोचार यांच्या गटाला वर चढायचं होतं, आणि जुन्या लोकांना हुसकावलं की पक्षात, खात्यांत, विद्यापीठांत खुर्च्या रिकाम्या होत होत्या. सुमारे 13 हजार लोक देश सोडून गेले. जाताना त्यांच्या हातात जो कागद दिला जाई त्यावर लिहिलेलं असे की हा धारक पोलंडचा नागरिक नाही. गट छोटा असला की उलट सोय होते. बहुतेकांनी त्यातला माणूस जवळून पाहिलेलाच नसतो, त्यामुळे ऐकीव गोष्टीला आडकाठी करणारा अनुभव नसतो.

आता आकड्यांची हातचलाखी, कारण रोजच्या वापरात तीच सर्वांत जास्त येते. तिचं सूत्र साधं आहे: अंश दाखवायचा, छेद लपवायचा. 'त्या' गटातल्या माणसाने केलेला गुन्हा सांगायचा, त्याचं छायाचित्र दाखवायचं. एकूण गुन्हे किती, त्या गटाची लोकसंख्या किती, त्याच वयाच्या आणि त्याच उत्पन्नाच्या इतर लोकांत प्रमाण किती, यातलं काहीच सांगायचं नाही. जानेवारी 2017 मध्ये अमेरिकेत अध्यक्षीय आदेश निघाला, त्यात परदेशी नागरिकांनी केलेल्या गुन्ह्यांची यादी दर आठवड्याला प्रसिद्ध करायला सांगितलं होतं. इतर कोणाच्या गुन्ह्यांची साप्ताहिक यादी मागितलेली नव्हती. ही साप्ताहिक प्रसिद्धी काही आठवड्यांतच, माहितीतल्या चुका उघड झाल्यावर, थांबवावी लागली. यादीतली प्रत्येक नोंद खरी असती तरीही यादी दिशाभूल करणारीच ठरली असती. कोणत्याही दशलक्षभर लोकांच्या गटाची अशी यादी काढा, दर आठवड्याला अंगावर काटा येईल.

छेद लपवल्याचा परिणाम मोजलाही गेला आहे. इप्सोस या जनमत चाचण्या घेणाऱ्या कंपनीच्या 2016 च्या पाहणीत फ्रान्समधल्या लोकांना विचारलं, शंभरातले किती जण मुस्लिम असतील? सरासरी उत्तर आलं 31. प्रत्यक्षातला आकडा होता साडेसातच्या आसपास. म्हणून कोणताही आकडा समोर आला की आधी तीन गोष्टी मागाव्यात: छेद, तुलना आणि तारीख. तारीख यासाठी, की जुनी घटना नवी म्हणून फिरवणं हा या धंद्यातला सर्वांत कमी कष्टाचा प्रकार आहे.

सांकेतिक भाषेचं शास्त्र अमेरिकेत जितकं उघडपणे मांडलं गेलं तितकं क्वचितच कुठे मांडलं गेलं असेल. रिपब्लिकन पक्षाचे प्रचारतज्ज्ञ ली अ‍ॅटवॉटर यांनी 1981 च्या एका मुलाखतीत सरळ सांगितलं: 1954 मध्ये काळ्यांना उघड शिवी देता येत होती, 1968 पर्यंत ती अंगाशी येऊ लागली, मग 'राज्यांचे हक्क' वगैरे बोलायला लागलो, आणि आता तर करकपातीबद्दल बोलतो, ज्याचा फटका काळ्यांना जास्त बसतो. सात वर्षांनी, 1988 मध्ये, हेच अ‍ॅटवॉटर थोरल्या बुश यांच्या प्रचाराचे सूत्रधार होते. विरोधी उमेदवार डुकाकिस राज्यपाल असलेल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात कैद्यांना शनिवार-रविवारची रजा देण्याची योजना होती. खुनाची शिक्षा भोगणारा विली हॉर्टन रजेवर गेला तो परतलाच नाही, आणि 1987 मध्ये त्याने मेरीलँडमध्ये एका घरात घुसून हल्ला आणि बलात्कार केला. गुन्हा खरा, भीषण. डुकाकिस यांनी खुन्यांची रजा बंद करणारं विधेयक 1976 मध्ये नकाराधिकाराने अडवलं होतं, हेही खरं. पण ही योजना 1972 मध्ये, रिपब्लिकन राज्यपालाच्या काळात सुरू झाली होती. बुश यांच्या बाजूने आलेल्या टीव्ही जाहिरातीत हॉर्टनचा काळा चेहरा झळकला. वंशाचा उच्चारही नाही. आणि ती जाहिरात बुश यांच्या प्रचारयंत्रणेने नव्हे, 'स्वतंत्र' समितीने काढलेली, त्यामुळे हात झटकायला मोकळे.

हात झटकण्याची ही सोय यंत्रणेचा अत्यावश्यक भाग आहे. टोकाचं बोलायला बाहेरची माणसं, समित्या, निनावी खाती. मुख्य नेता गप्प किंवा सौम्य. त्याला जाब विचारला तर 'मी तसं म्हटलंच नाही' हे उत्तर शब्दशः खरं असतं. म्हणून तो काय म्हणाला यापेक्षा त्याने काय खोडून काढलं नाही, बोलणाऱ्याला नंतर कोणतं पद मिळालं, हे पाहणं जास्त उपयोगाचं.

पूर्वग्रह कायद्यात उतरतो तेव्हा त्याचा आवाज आणखी बारीक होतो. तिथे गटाचं नावच नसतं, नुसतं कागदपत्रांचं ओझं असतं. ब्रिटनमध्ये 2012 नंतर बेकायदा स्थलांतरितांसाठी 'प्रतिकूल वातावरण' करायचं धोरण आलं. घरमालक, बँका, रुग्णालयं, सगळ्यांना कागद तपासायला लावले. कॅरिबियन बेटांतून 1973 पूर्वी कायदेशीरपणे आलेल्या लोकांना सिद्ध करावं लागलं की आपण इथलेच आहोत, आणि अधिकारी दर वर्षासाठी किमान एक कागद मागत होते. गृहखात्याकडच्या त्यांच्या आगमनाच्या चिठ्ठ्या 2010 मध्येच नष्ट केल्या गेल्या होत्या. किमान 83 जणांना चुकीने देशाबाहेर पाठवलं गेलं. 2018 मध्ये बोभाटा झाल्यावर गृहमंत्र्यांना जावं लागलं, धोरणाचा बराचसा सांगाडा राहिला. सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारकडून माणसाकडे सरकली की पूर्वग्रहाला वेगळं काही करावं लागत नाही. ज्याच्याकडे बघून शंका येते त्याचेच कागद जास्त तपासले जातात.

हे सगळं करणाऱ्यांना आपण ते हवं तेव्हा थांबवू असं वाटत असतं. श्रीलंकेचं (तेव्हाच्या सिलोनचं) उदाहरण यासाठी तारीखवार पाहण्यासारखं आहे. 1956 ची निवडणूक. विरोधी नेते बंदरनायके ऑक्सफर्डला शिकलेले, ख्रिस्ती घरात वाढलेले, इंग्रजीत वावरणारे. त्यांनी वचन दिलं: सत्तेवर येताच 24 तासांत सिंहली एकमेव राजभाषा. सत्तेतल्या युनायटेड नॅशनल पार्टीची तोवरची भूमिका सिंहली आणि तमिळ दोन्ही भाषांची होती. वारं पाहून तिनेही निवडणुकीच्या तोंडावर 'फक्त सिंहली' स्वीकारलं. परिणाम? 95 जागांच्या सभागृहात तिला 8 जागा मिळाल्या. अस्सल माल शेजारी मिळत असताना नक्कल कोण घेणार? मध्यममार्गी पक्ष ही चूक देशोदेशी करतात आणि दर वेळी तिला व्यवहारीपणा म्हणतात.

कायदा जून 1956 मध्ये झाला. शांततेने विरोध करणाऱ्या तमिळांवर हल्ले झाले, पूर्वेकडे गल ओया भागात दंगल झाली. बंदरनायके स्वतः कडवे नव्हते. जुलै 1957 मध्ये त्यांनी तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी करार केला: प्रादेशिक परिषदा, तमिळ भाषेला प्रशासनात काही स्थान. आता बोली लावायची पाळी विरोधकांची होती. आदल्याच वर्षी आपटलेल्या पक्षाच्या जयवर्धने यांनी कराराविरुद्ध कँडीच्या दिशेने मोर्चा काढला. एप्रिल 1958 मध्ये भिक्खू पंतप्रधानांच्या घरासमोर ठाण मांडून बसले आणि त्यांनी करार मोडल्याचं लेखी घेतलं. पुढच्याच महिन्यात देशभर तमिळविरोधी दंगली, आणीबाणी. सप्टेंबर 1959 मध्ये एका भिक्खूने बंदरनायके यांच्यावर गोळ्या झाडल्या. कटाचा सूत्रधार ठरलेला मठाधिपती 1956 मध्ये त्यांचाच प्रचारक होता. त्या खुनामागे कंत्राटांचे आणि पैशांचे हितसंबंधही होते, नुसती भाषा नव्हती. पण 1957 चा करार का टिकला नाही याचं कारण त्या चढत्या बोलीतच आहे. एका पक्षाने किंमत चढवली की दुसऱ्याला ती आणखी चढवावी लागते, आणि मागे येणाऱ्यावर गद्दारीचा शिक्का बसतो.

अल्पसंख्याकांच्या मनातल्या भीतीवर जगणारे 'रक्षक'ही याच बाजारात असतात. आपल्या समाजाला शाळा, कर्ज, नोकरी मिळवून देण्यापेक्षा 'मी नसेन तर ते तुम्हाला खाऊन टाकतील' असं सांगणं स्वस्त पडतं. दोन्हीकडच्या ठेकेदारांना एकमेकांची भाषणं उपयोगी पडतात. दोघांचं वजन मात्र सारखं नसतं; पोलीस, कचेऱ्या आणि कायदे एकाच बाजूकडे असतात.

प्रतिवाद करणारे कुठे चुकतात? सर्वांत आधी, ते आरोपाचा पुनरुच्चार करतात. एखादं विधान वारंवार कानावर पडलं की ते खरं वाटू लागतं, हे 1977 पासून प्रयोगांनी दाखवलेलं आहे. मथळ्यात आरोप आणि तिसऱ्या परिच्छेदात खंडन, ही मांडणी आरोपाचीच सेवा करते. आधी खरी माहिती, मग आरोपाचा एकदाच उल्लेख आणि त्यातली लबाडी नेमकी कुठे आहे ते, मग पुन्हा खरी माहिती, हा क्रम बरा. दुसरी चूक ऐकणाऱ्यालाच वंशद्वेष्टा किंवा जातीयवादी ठरवण्याची. संशय बाळगणारा माणूस स्वतःला सज्जन समजत असतो आणि बहुतेक बाबतींत तो असतोही. शिक्का मारला की तो सरळ शिक्का न मारणाऱ्याकडे, म्हणजे मूळ विक्रेत्याकडे जातो.

मग उपयोग कशाचा होतो? याबाबतचा एक गाजलेला अभ्यास 2015 मध्ये बनावट निघाला आणि मागे घेतला गेला. ती लबाडी उघड करणाऱ्यांपैकी ब्रुकमन आणि काला या दोघा राज्यशास्त्रज्ञांनी मग स्वतः मायामीत प्रयोग केला, तो 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. विषय होता तृतीयपंथी लोकांविषयीचा पूर्वग्रह. स्वयंसेवकांनी दारावर जाऊन सुमारे दहा मिनिटं बोलायचं. भाषण नाही, आकडे फेकणं नाही. तुम्हाला कधी कोणी वेगळं ठरवून वाईट वागवलं होतं का, असं विचारायचं आणि ऐकायचं, मग आपलं सांगायचं. पूर्वग्रहात झालेली घट निदान तीन महिने टिकली. 2020 च्या पुढच्या अभ्यासात त्यांनी कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांचा विषयही घेतला आणि संभाषणाचे भाग सुटे करून तपासले. नुसते युक्तिवाद केले तिथे परिणाम दिसला नाही. दोषारोप न करता अनुभवांची देवाणघेवाण झाली तिथे दिसला आणि तो महिनोन्महिने टिकला.

याच दोघांनी 2018 मध्ये 49 क्षेत्रप्रयोगांच्या आधारे दाखवलं की सार्वत्रिक निवडणुकीच्या प्रचारात मतदाराचं मत वळवण्याचा सरासरी परिणाम जवळपास शून्य असतो. तेव्हा दारावरचं हे दहा मिनिटांचं काम करायचं असेल तर ते निवडणूक नसलेल्या वर्षात, प्रचार पेटण्याच्या बऱ्याच आधी करावं लागेल. पक्षांचा पैसा मात्र शेवटच्या महिन्यात येतो.