सजग स्वप्ने शिकताना: आधी वही, मग उड्डाण

आपण स्वप्नात आहोत हे स्वप्न चालू असतानाच कळणे, याला सजग स्वप्न किंवा ल्युसिड ड्रीम म्हणतात. १९७५ मध्ये इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न या संशोधकाने ॲलन वर्स्ली यांच्यावर केलेल्या प्रयोगात झोपलेल्या वर्स्ली यांनी आधी ठरल्याप्रमाणे डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवून स्वप्नातून खूण केली आणि ती यंत्रावर नोंदली गेली. स्वप्ने पडतात त्या झोपेत हातापायांचे स्नायू जवळजवळ निश्चल असतात, डोळे मात्र हलू शकतात. म्हणून खूण डोळ्यांचीच.

नवशिक्याला पहिल्याच रात्री आकाशात उडायचे असते. माझ्या मते, ज्याला सकाळी स्वप्नच आठवत नाही त्याने उडण्याचा विचार बाजूला ठेवून उशाशी वही ठेवावी, जाग आल्यावर कूस न बदलता क्षणभर पडून राहावे आणि जे हाती लागेल ते, अगदी एखादा चेहरा किंवा नुसती भीती असली तरी, लिहून काढावे. वही भरत गेली की पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोष्टी दिसू लागतात. माझ्या वहीत सांगलीकराला साजेसा कृष्णेचा पूर निघाला! पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी किती फूट झाली हे आम्ही चहाआधी पाहतो. ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे इथल्या पोरांनाही पाठ असते.

आपण जागे आहोत की स्वप्नात, हे ओळखण्यासाठी हाच आकडा मी कसोटीला घेतला. स्वप्नातला मजकूर सहसा स्थिर राहत नाही, त्यामुळे पातळीचा आकडा वाचायचा, नजर हटवायची आणि पुन्हा वाचायचा. ही सवय स्वप्नातही उतरावी म्हणून दिवसा हे करताना ‘मी आत्ता झोपेत तर नाही ना’ अशी खरी शंका मनात आणावी लागते, नाहीतर स्वप्नातही ती कसोटी यंत्रासारखी उरकली जाते. दुसरी कसोटी नाक चिमटीत धरून श्वास घेण्याची. तरीही श्वास आत गेला तर ते स्वप्नच.

एका पहाटे पुलाच्या कठड्याशी मी ४३ वाचले, पुन्हा पाहिले तर त्या जागी अक्षरांसारखे काहीतरी वळवळत होते. कळले! पण आनंदाने दृश्य विरू लागते, म्हणून तळहात एकमेकांवर घासावेत असे सांगतात. मी घासले, तळव्यांना ऊब जाणवली, पाण्याचा गढूळ रंग पुन्हा गडद झाला, आणि थोड्याच वेळात जाग आली.

हे पहाटेच घडले यात नवल नाही. झोपेचे एक चक्र साधारण ९० मिनिटांचे असते आणि स्वप्नांची रेम अवस्था पहाटेकडे लांबत जाते. म्हणून पाचेक तासांनी उठून, थोडा वेळ जागे राहून, ‘पुढच्या स्वप्नात हे स्वप्न आहे हे मला आठवेल’ असे घोळवत पुन्हा झोपावे. हा संकल्प स्टॅनफर्डच्या स्टीफन लाबर्ज यांच्या पद्धतीतला आहे. मी हे फक्त शनिवारी रात्री करतो, कारण रोज झोपमोड करणे वेडेपणाचे आहे. अशा वेळी कधी जाग येऊनही अंग हलत नाही, छातीवर कुणी बसल्यासारखे वाटते. आपल्याकडे त्याला भुताटकी समजतात, पण तो निद्रा-पक्षाघात असतो आणि थोड्या वेळात आपोआप सुटतो. ज्यांची झोप आधीच तुटक आहे किंवा ज्यांचे मानसोपचार चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. वही लिहायला मात्र त्यांनाही हरकत नसावी.