रिप्लाय कुणाचा?

नेटवर्किंगच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला यश इतकं झटपट मिळालं, की तिथेच शंका यायला हवी होती. काळ्या खिडकीत पिंग (दुसऱ्या मशीनला हाक मारून उत्तराची वाट पाहणारी कमांड) टाइप केलं, पुढे वहीत उतरवून घेतलेला १२७.०.०.१ हा पत्ता, आणि एंटर. धडाधड चार रिप्लाय! मी सरांना हाक मारली. सरांनी स्क्रीनकडे पाहिलंही नाही. टेबलामागे लोंबकळणारं केबलचं टोक उचलून त्यांनी माझ्या हातात ठेवलं.

तो पत्ता लूपबॅकचा. पॅकेट, म्हणजे हाकेचा डेटा, केबलपर्यंत जातच नाही, आतल्या आत वळून परत येतं. थोडक्यात, मी आपलंच दार आतून वाजवलं होतं आणि ‘कोण आहे?’ला ‘मीच’ म्हणालो होतो.

नेटवर्कचं काम थरांत मांडणाऱ्या ओएसआय मॉडेलचे सात थर तोवर मला पाढ्यासारखे पाठ होते. त्यांचा इथे काडीचा उपयोग झाला नाही.

मग केबल लावून शेजारच्या मशीनला पिंग केलं. ‘रिप्लाय फ्रॉम’ ही अक्षरं दिसली आणि मी पुन्हा हुरळलो. ओळ पुरती वाचायची सवय नव्हती ना! शेवटी लिहिलं होतं ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’, आणि रिप्लाय देणारा पत्ता माझ्याच मशीनचा. बिचाऱ्यानं ‘हा पत्ता कुणाचा?’ म्हणून साऱ्या लॅबभर विचारलं होतं आणि कुणी ओ दिली नाही, हे मला येऊन सांगत होतं. शेजारचं मशीन बंद होतं. तरी हा नकार मला आवडतो. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ त्याहून छळवादी. पॅकेट वाटेत हरवलं, की समोरच्या मशीनच्या पहारेकऱ्यानं, फायरवॉलनं, मुकाट गिळलं, काही कळत नाही. माईक म्यूस यांनी १९८३ च्या डिसेंबरात पिंग लिहिलं तेव्हा नाव घेतलं ते पाण्याखालचा वेध घेणाऱ्या ‘सोनार’ यंत्राच्या आवाजावरून. पाण्यात हाक सोडायची आणि कान देऊन बसायचं.

पण मला खरं फसवलं ते मी स्वतः क्रिम्प केलेल्या, म्हणजे टोकांना कनेक्टर दाबून बसवलेल्या केबलनं. आठ तारा, पिळलेल्या चार जोड्या. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा आणि मग मध्येच निळा! हिरवा थेट सहाव्या जागी. मला हा ठरलेला क्रम गबाळा वाटला. मी हिरव्याशेजारी हिरवा, निळ्याशेजारी निळा असा नीटनेटका लावला, दोन्ही टोकांना. टेस्टरचे आठही दिवे ओळीनं लागले. पिंग मात्र मध्येच उत्तर देई, मध्येच गप्प.

तार सलग आहे की नाही एवढंच टेस्टर पाहतो, ती कुणाशी पिळलेली आहे ते नाही. एक सिग्नल कनेक्टरच्या तिसऱ्या आणि सहाव्या पिनवरून मिळून जातो. त्या दोन तारा एकमेकींशी पिळलेल्या असल्या, तर बाहेरचा गोंगाट दोघींवर जवळजवळ सारखाच पडतो आणि पलीकडे वजाबाकीत उडून जातो. माझ्या टापटिपीनं तिसऱ्या पिनवर हिरव्या जोडीतली एक तार आणि सहाव्यावर निळ्या जोडीतली एक अशी मोट बांधली होती.

दोन्ही टोकं कापली. नवे कनेक्टर घेतले, निळा मुकाट्यानं मध्ये बसवला. पिंग केलं तेव्हा चार रिप्लाय आले. सरांना हाक मारण्याआधी मी ‘फ्रॉम’च्या पुढचा पत्ता दोनदा वाचला.